ऑपरेशनआधी सगळा धातू काढून या म्हणाले, आणि एक दांडी निघतच नाहीये

खाडीकाठची | शुक्रवार, रात्री ११.०८

बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय आणि तोही असला. विषय ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

मी ऐरोलीला राहते, वय ३१. गेल्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना निपल पिअर्सिंग करून घेतलं, म्हणजे स्तनाग्र टोचून त्यात दोन्ही टोकांना गोळे असलेली धातूची दांडी. का केलं ते विचारू नका. स्वतःच्या पगारातून स्वतःच्या अंगावर केलं, एवढं पुरे. पहिले दोन महिने हाल झाले. ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणाच्या सॅकचा धक्का लागला की डोळ्यांसमोर तारे. मग हळूहळू सवय झाली.

आता पित्ताशयात खडे निघालेत आणि येत्या गुरुवारी दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. काल हॉस्पिटलने कागद हातात दिला : बांगड्या, जोडवी, कानातलं, नाकातलं आणि 'अंगावरील सर्व धातू' काढून येणे. तो वाचला तेव्हा आई शेजारी बसली होती. मी मान डोलावली आणि गप्प बसले.

डावी दांडी आज आंघोळ करताना निघाली. बोटांनी चाचपत बाहेरचा गोळा फिरवला, सुटला. भोक बुजेल या भीतीने दांडी धुऊन लगेच परत घातली. उजवी मात्र हट्टाला पेटलीय. तासभर आरशासमोर कुशीवर वळून उभी राहून झटले. ढिम्म नाही. उलट आणखीच घट्ट बसल्यासारखी वाटते.

जिथे केलं त्या दुकानाला आता कुलूप आहे. तर काढायलाच हवी का? काढली तर भोक किती वेळात बुजतं? आणि माझ्या अंगात कसला धातू आहे हे तरी कसं कळायचं? तेव्हा 'सर्जिकल स्टील आहे मॅडम, टेन्शन नको' असं सांगितलं होतं.

---

रबाळे_स्लो | शुक्रवार, रात्री ११.२१

सायकलच्या चेनचं तेल घाल दोन थेंब. आमच्या घरात कुठलाही नट अडला की बाबा तेच करतात.

---

रबाळे_स्लो | शुक्रवार, रात्री ११.२३

गंमत होती हां. खरंच घालू नकोस.

---

सिस्टर_बारातास | शनिवार, पहाटे ५.४०

नाइट संपतेय, उतरता उतरता लिहिते. ऑपरेशन थिएटरमध्ये १७ वर्षं झाली माझी, त्यामुळे लाजबिज काही ठेवू नकोस.

काढायलाच हवी का, तर हो. पोटाच्या ऑपरेशनला आम्ही स्तनाग्रांच्या रेषेपासून मांड्यांपर्यंत औषधाने पुसून घेतो. म्हणजे तुझ्या दांड्या ऐन सीमेवर येतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनला एक छिद्र छातीच्या मधल्या हाडाच्या जरा खाली पाडतात, तेही फार लांब नाही. शिवाय कॉटरी वापरतात, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या बंद करायचं यंत्र. तो प्रवाह मांडीला चिकटवलेल्या पट्टीतून परत जायचा असतो. अंगावर धातू असला तर तिथे चटका बसण्याचा धोका राहतो. रोज बसतो असं नाही, पण भूल दिलेला माणूस 'भाजतंय' म्हणून सांगू शकत नाही ना. आणि छातीवर ईसीजीच्या चिकटपट्ट्या लावताना, पेशंट इकडून तिकडे उचलताना कशात अडकून ओढलं गेलं तर ते वेगळंच.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. भूलतज्ज्ञांना आधीच सांग. आई बाहेर असताना सांग. 'मला डॉक्टरांशी एकटीनं दोन मिनिटं बोलायचंय' म्हटलं की कुणी का विचारत नाही. आम्ही काय काय पाहिलंय याची तुला कल्पना नाही. लग्नातली ३० वर्षं जुनी अंगठी निघत नाही म्हणून दोऱ्याने गुंडाळून काढलीय, ती निघाल्यावर काकू रडल्या होत्या. तुझं तर काहीच नाही.

आदल्या दिवशी निघाली नाही तर आम्ही कापून काढू, पण ती वेळ कशाला आणायची.

---

उपवनकाका | शनिवार, सकाळी ७.१५

तलावाला तीन फेऱ्या मारून आलो आणि सकाळी सकाळी हे वाचलं. मी जुना सभासद, म्हणून स्पष्ट बोलतो. असले विषय उघड्यावर कशाला? डॉक्टरकडे जा, विषय संपला. शरीराला नको तिथे भोकं पाडायची आणि मग जगाला विचारत बसायचं.

---

धागाराखण | शनिवार, सकाळी ९.०२

धागा राहील. फोटो टाकू नयेत, कुणीही. १८ वर्षांखालच्यांसाठी हा विषय नाही. उपदेश एका प्रतिसादापुरता चालेल, काका, तुमचा झाला.

---

मळसूत्र | शनिवार, सकाळी १०.३०

जांभळी नाक्याजवळ आमचं पिढीजात सोन्याचं दुकान. मी लहानपणापासून गल्ल्यामागे बसून कान टोचताना पाहत आलेय, म्हणून धातूचं मी सांगते.

'सर्जिकल स्टील' हे नाव म्हणजे खानावळीच्या पाटीवरचं 'घरगुती जेवण'. कुणीही लिहावं. बहुतेक वेळा ते ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील असतं आणि त्यात निकेल असतं. स्टील चांगलं असेल तर निकेल आतच राहतं, पण हलक्या मालाचा भरवसा नाही. खोट्या दागिन्यांनी कुणाचा कान खाजतो, लाल होतो, पाणी सुटतं, ते बहुधा निकेलच. ताज्या जखमेतून निकेल थेट अंगाशी येतं. युरोपात तर टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला कायद्याने बंदी आहे.

शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम विचारा. त्याच्या कागदावर एएसटीएम एफ१३६ असा दर्जाचा क्रमांक लिहिलेला असतो. स्टीलच घ्यायचं तर एफ१३८. नायोबियम नावाचा धातूही चालतो. विकणाऱ्याकडे कागद नसेल तर तो बोलतोय ते हवेत.

आता सोनं. गिऱ्हाईक म्हणतं, '२२ कॅरेटची दांडी करून द्या, शुद्ध सोन्याने पिकत नाही.' कानाच्या पाळीत बारीक तार घालायला ठीक. पण २२ कॅरेट, म्हणजे हॉलमार्कवरचं ९१६, मऊ असतं. दांडी केली की तिच्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण बसते. अशा जागी ७५० किंवा ५८५, म्हणजे १८ किंवा १४ कॅरेट बरं, तेही निकेल न मिसळलेलं. पांढऱ्या सोन्यात पुष्कळदा निकेल असतं, ते विचारून घ्यायचं. आणि हॉलमार्क फक्त सोनं किती ते सांगतो, उरलेल्यात काय घातलंय ते नाही. चांदी भरलेल्या भोकात हौसेने घाला, ताज्या जखमेत कधीच नाही. काळी पडते आणि तो काळेपणा कातडीतही उतरू शकतो.

---

रबाळे_स्लो | शनिवार, सकाळी १०.४४

लोहचुंबक लावून बघितलं तर?

---

मळसूत्र | शनिवार, सकाळी १०.५१

काही कळणार नाही. टायटॅनियमला चिकटत नाही आणि ३१६एललाही जवळपास चिकटत नाही. चिकटलं तर मात्र त्याच दिवशी काढा, ते काहीतरी भलतंच आहे.

---

जिमवाला_घोडबंदर | शनिवार, दुपारी १.१७

पुरुषाचा अनुभव चालेल का? एकच बाजू, दीड वर्षापूर्वी. मित्रांच्या नादाने.

टोचताना दुखलं ते दहा सेकंद. खरा त्रास पाचव्या महिन्यात. अंग घासायच्या जाळीत, ती प्लॅस्टिकची फुलासारखी असते ना, त्यात गोळा अडकला आणि मी हात ओढला. रक्त आलं. दोन दिवसांत सूज, लाली, गरम लागायला लागलं. ट्रेनर म्हणाला आधी धातू बाहेर काढ. मीही शहाण्यासारखी दांडी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोक वरून बंद आणि आत पू. सुपारीएवढी गाठ झाली. मग चीर देऊन पू काढावा लागला, रोज पट्टी, तीन आठवडे बेंचप्रेस बंद.

सर्जन म्हणाले, दांडी तशीच ठेवून आला असतास तर पुवाला वाट राहिली असती. दांडी काढायची की नाही ते आम्ही ठरवलं असतं. तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरतो : पिकलं असेल तर घरी काढू नका.

---

खाडीकाठची | शनिवार, दुपारी १.४०

बापरे. माझ्याकडे पू नाही. कधी कधी गोळ्याभोवती पिवळसर पांढरी खपली धरते, एवढंच. ती धोक्याची का?

---

अपुरी_झोप_एमबीबीएस | शनिवार, दुपारी ३.०५

कळव्याच्या ड्युटीवरून. ती वाळलेली लस आहे, भरणाऱ्या जखमेतून येतेच. नखाने खरवडू नकोस. आंघोळीच्या पाण्याने मऊ होऊन सुटेल ती काढायची, न सुटेल ती ठेवायची.

घाबरायची लक्षणं वेगळी. लाली दिवसागणिक पसरणं, ठणका, हिरवट किंवा वास येणारा पू, ताप, काखेत गाठ. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. जिमवाल्याचे सर्जन बरोबर बोलले.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. या जागेचा संसर्ग कधी कधी टोचल्यानंतर कित्येक महिन्यांनी उगवतो. क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यातले पण क्षय न करणारे काही जंतू असतात, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम वगैरे. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत. स्तनात गाठ येते, गोळ्यांचा कोर्स होतो, गाठ तशीच. अशा वेळी पेशंटने 'मी इथे टोचून घेतलं होतं' हे सांगितलंच नाही तर डॉक्टरही दुसरीकडेच शोधत बसतो. म्हणून सांगा, लाजू नका.

मधुमेह काबूत नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा जखमेवर केलॉइड, म्हणजे फुगून वाढत जाणारा व्रण, उठायची सवय असेल, तर टोचायच्या आधी आमच्याकडे या. नंतर येताच, आधी या.

---

सुईवाली_वाशी | शनिवार, रात्री ८.२५

हे माझं पोटापाण्याचं काम. दुकानाचं नाव लिहीत नाही, जाहिरात होते.

खाडीकाठची, तुझा प्रश्न आधी. आठ महिने म्हणजे भोक अजून पुरतं भरलेलं नाही. या जागेला नऊ महिने ते वर्ष धरायचं, कुणाला त्याहून जास्त. कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, तो हिशोब इथे लावू नये. वरून कोरडं दिसतं, आतली नळी अजून कच्ची असते. अशी कच्ची नळी काही मिनिटांत आवळायला लागते, रात्रभरात बंदही होते. पाच-सहा वर्षं जुनी असली तरी काढून ठेवली की आवळते, फक्त वेळ जास्त घेते.

तुला भोक राखायचं असेल तर धातूऐवजी पीटीएफई नावाच्या मऊ प्लॅस्टिकची दांडी घालता येते. त्यातून वीज जात नाही. पण ती चालेल का हे हॉस्पिटल ठरवणार, मी नाही. त्यांनी नको म्हटलं की नको.

काढायची रीत अशी. आधी हात साबणाने स्वच्छ. कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं शेकायला धरायचा, खपली सुटते. केमिस्टकडे नायट्रिलचे हातमोजे मिळतात ते घाल, गोळ्यावर बोट घसरत नाही. एका हाताने एक गोळा पक्का धरायचा, दुसऱ्याने दुसरा फिरवायचा. दांडीच फिरू दिलीस तर आत जखम होईल. गोळा सुटला की दांडी सरळ रेषेत हळू ओढायची. आटे बाहेरच्या बाजूने असतील तर ते आतली कातडी खरवडतात, म्हणून आधी पाण्यात विरघळणारी जेल लावायची, व्हॅसलिन नाही. पक्कड, चिमटा, दात, काही नाही. मी दात गंमत म्हणून लिहीत नाहीये, एकीने नवऱ्याला सांगितलं होतं.

आणि भविष्यात दागिना घेताना आटे गोळ्याला असलेली दांडी घे, दांडीला नाही. या जागी कड्यापेक्षा सरळ दांडी बरी, कडं सारखं हलतं. जाडी साधारण १४ गेज, म्हणजे १.६ मिलीमीटर. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, इथे सगळे फसतात. पहिली दांडी सुजेसाठी मुद्दाम लांब घालतो. सूज उतरल्यावर छोटी बदलायला यायचं असतं आणि लोक येत नाहीत. मग तीच लांब दांडी टॉवेलात अडकते, बॅगेच्या पट्ट्यात अडकते, गाडीच्या सीटबेल्टखाली दबते.

---

उपवनकाका | रविवार, सकाळी ७.५०

काल जरा जास्त बोललो. धागा मात्र पूर्ण वाचला.

माझ्या मुंजीत भिकबाळी घालायची म्हणून उजव्या कानाला वरच्या बाजूला टोचलं होतं. सोनाराने. दोन आठवड्यांत कान पिकून वडापावएवढा झाला. आजीने हळद आणि खोबरेल तेल लावलं, कडुनिंबाची काडी घातली. महिनाभर त्या कुशीवर झोपलो नाही. शेवटी बाळी काढली. आज ६८ वय आहे, गाठ अजून तिथे आहे. तर आमच्या वेळी चुकलं काय, हे सुईवाली सांगू शकतील का? कुतूहल आहे.

---

सुईवाली_वाशी | रविवार, सकाळी ११.१०

काका, विचारलंत ते छान केलंत. वरचा कान म्हणजे कूर्चा. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरायला सहा महिने ते वर्ष आणि पिकली की हट्टी. तुम्ही महिनाभर त्या कुशीवर झोपला नाहीत, ते मात्र बरोबर केलंत!

तेलाने जखमेला हवा लागत नाही, तिच्यावर धूळ चिकटते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी कातडीही मरते. मलमांचा थर तर नकोच. लागतं काय, तर निर्जंतुक सलाइन, ०.९ टक्क्यांचं. जखमा धुवायचा स्प्रे मिळाला तर उत्तम. नाही तर केमिस्टकडे 'एनएस, शंभर मिली' मागायचं. फोडलेली बाटली मात्र आठवडाभर पुरवून वापरायची नाही, त्या दिवसापुरतीच. घरी मीठ कालवायचं नाही, प्रमाण चुकतं. नाकात घालायचे थेंबही नकोत. दिवसातून दोनदा, मग गॉजने टिपून कोरडं करायचं. टॉवेलने नाही. फिरवायचं तर मुळीच नाही. 'दागिना फिरवत राहा, नाही तर चिकटेल' हे आपल्या प्रत्येक आत्याने सांगितलंय आणि ते चूक आहे.

---

मळसूत्र | रविवार, सकाळी ११.३५

आत्या नाही, आमचे आजोबाच सांगायचे. गिऱ्हाइकाला पुडीत हळदही बांधून द्यायचे. तेव्हा सुई ज्योतीवर धरली की झालं. आता आम्ही कान टोचणं बंदच केलंय, चिडतात लोक.

---

सुईवाली_वाशी | रविवार, सकाळी ११.४२

ज्योतीवर धरलेल्या सुईपेक्षा मला ती बंदूक जास्त खटकते. बोथट टोक जोरात घुसवते, आसपासची कातडी चिरडते आणि प्लॅस्टिकची असल्याने ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा दाब, १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटं. सुई पोकळ, एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. एवढं दिसलं नाही तर खुर्चीतून उठा. ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे, कावीळ ब त्याहून महाग पडते.

---

श्रावणी_कळंबोली | रविवार, दुपारी ४.००

अवांतर, पण विचारते. पुढे मूल झालं तर पाजता येतं का?

---

दोन_लेकरांची_आई | रविवार, रात्री ९.४५

येतं. लग्नाआधी केलं होतं, दोघांनाही पाजलं.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात दांड्या काढून टाकल्या आणि परत घातल्या नाहीत. पाजताना दांडी ठेवायचीच नाही, गोळा सुटून बाळाच्या घशात जाऊ शकतो. दर वेळी काढ-घाल करणाऱ्याही असतात, पण रात्री तीन वाजता रडतं मूल कडेवर असताना फिरकी कोण शोधणार? डाव्या बाजूला भोकातूनही दूध झिरपायचं, म्हणजे कारंज्याला एक तोंड जास्त. सासूबाई म्हणाल्या, 'हिला दूध भरपूर आहे हो!' मी म्हटलं, हो, देवाची कृपा.

एकदा त्याच बाजूला दूध साकळून गाठ आली होती. भोकामुळे की एरवीही आली असती, देव जाणे. गरोदर असताना किंवा पाजत असताना नवं टोचून घेऊ नकोस, आणि घ्यायचंच तर मूल होण्याआधी वर्ष-दीड वर्ष तरी हातात ठेव.

---

रबाळे_स्लो | रविवार, रात्री ९.५८

कारंज्याला एक तोंड जास्त. हहपुवा, हसून हसून पुरेवाट. मी बाहेर जाऊन येतो.

---

खाडीकाठची | सोमवार, रात्री १०.१२

सगळ्यांचे आभार, सिस्टरताईंचे जास्त. आज भूलतज्ज्ञांना फोन केला. दोन सेकंद शांतता, मग म्हणाल्या, 'बरं केलंत सांगितलंत, प्लॅस्टिकचीसुद्धा नको, आदल्या दिवशी काढून या.' बस्स. मी उगाच चार रात्री जागले.

पण उजवी अजून तशीच आहे. शेक दिला, हातमोजे घातले, एक गोळा धरून दुसरा फिरवला, सगळं केलं. आरशासमोर नीट बाजूने उभी राहून घड्याळाच्या उलट फिरवतेय. बोटं दुखायला लागली.

---

मळसूत्र | सोमवार, रात्री १०.२०

थांब. आरशात बघून?

---

खाडीकाठची | सोमवार, रात्री १०.२१

हो, आरशाशिवाय गोळा समोरून दिसणार कसा?

---

मळसूत्र | सोमवार, रात्री १०.२६

अगं बाई. आरशात उलटं दिसतं. गोळ्याकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचं असतं, आरशात तेच घड्याळासारखं दिसतं. तू चार दिवस ती आवळतेयस! डावी आंघोळ करताना निघाली कारण तिथे आरसा नव्हता. आमच्या दुकानात बायका आरशासमोर कानातल्याची फिरकी काढताना रोज हाच घोळ घालतात.

---

खाडीकाठची | सोमवार, रात्री १०.४१

निघाली.

---

रबाळे_स्लो | सोमवार, रात्री १०.४२

मी इंजिनिअर आहे आणि माझ्याही लक्षात आलं नाही. कुणाला सांगू नका.

---

उपवनकाका | मंगळवार, सकाळी ७.४०

शाबास मळसूत्र! सोनाराची लेक ती सोनाराची लेक.

---

अपुरी_झोप_एमबीबीएस | मंगळवार, दुपारी २.३०

छान. आवळाआवळीत कातडी फाटली नाही ना, ते बघ. रक्त किंवा ठणका असेल तर ऑपरेशनआधी सर्जनना दाखव, जवळ ताजा संसर्ग त्यांना नको असतो. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर असंच आधी सांगायचं. टायटॅनियम चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण तुझी कसली आहे ते तुलाच माहीत नाही, म्हणून काढूनच जायचं. छातीच्या एक्सरेतही फुप्फुसाच्या जागी दोन पांढरे मणी दिसतात आणि आम्ही चक्रावतो.

---

सुईवाली_वाशी | मंगळवार, सायंकाळी ७.०५

आता तुझा मूळ प्रश्न उरला, परत घालायची का. डावी-उजवीत फरक वाटतो का तुला? दांडी कातडीतून पूर्वीपेक्षा जास्त दिसायची, वरची कातडी पातळ, चकचकीत, लालसर?

---

खाडीकाठची | मंगळवार, रात्री ९.३०

उजवीकडे तसंच आहे. मला वाटायचं जखम भरतेय म्हणून चकचकीत झालीय.

---

सुईवाली_वाशी | मंगळवार, रात्री ९.५०

शरीर ती बाहेर ढकलतंय. टोचताना उथळ टोचलं असणार. तशीच ठेवली असतीस तर एक दिवस कातडी फाडून बाहेर आली असती आणि मोठा व्रण राहिला असता. खड्यांनी तुझ्यावर उपकार केले म्हण. उजवी आता घालू नकोस. डावी हवी असेल तर ऑपरेशनच्या जखमा भरल्यावर ये, भोक उरलं असेल तर निमुळत्या सळईने हळू वाट करून देता येते. बुजलं असेल तर घरी ढकलू नकोस. परत टोचायचंच असेल तर काही महिने जाऊ दे.

---

जिमवाला_घोडबंदर | बुधवार, सकाळी ८.००

उद्यासाठी शुभेच्छा. पित्ताशय गेलं की प्रोटीन शेक चालतो का, ते बरी झाल्यावर सांग.

---

सिस्टर_बारातास | बुधवार, दुपारी १२.१५

नेलपॉलिशही काढून जा. बोटाला लावायच्या यंत्राला त्रास होतो. हे कुणी सांगत नाही.

---

खाडीकाठची | रविवार, सायंकाळी ६.२०

घरी आले. चार भोकं नवी पडली पोटावर, दोन जुनी बुजली. खडे बाटलीत घालून दिलेत, हरभऱ्याएवढे सहा. डावीचं अजून ठरवलं नाही, भोक मात्र बंद झालंय. उजवीला खपली आहे, रोज सलाइनने पुसते.

दोन्ही दांड्या धुऊन औषधांच्या डबीत ठेवल्या होत्या. आज आईने गोळी काढायला डबी उघडली आणि विचारलं, 'हे कसले गं स्क्रू?'

---

श्रावणी_कळंबोली | रविवार, सायंकाळी ६.२४

मग??

---

खाडीकाठची | रविवार, सायंकाळी ६.३१

म्हटलं, चष्म्याचे.

---

मळसूत्र | रविवार, सायंकाळी ६.३३

दोन्ही टोकांना गोळे असलेले?

---

खाडीकाठची | रविवार, सायंकाळी ६.४०

आईने तेच विचारलं.